हिवाळ्यातले डोंगर, लेखांक ४ : वाऱ्याच्या तोंडावरच्या वाटा

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटरवर आहे. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या न्यू हॅम्पशायर राज्यात साधारण तेवढ्याच उंचीवर झाडं संपतात. वर उरतात ती खुरटी, जमिनीला चिकटलेली झुडपं, मग नुसते दगड आणि त्यांवरचा बर्फ. तिथलं सर्वांत उंच शिखर माउंट वॉशिंग्टन १,९१७ मीटरचं, म्हणजे आपल्या कळसूबाईहून पावणेतीनशे मीटरनेच वर. बॉस्टनमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या आणि सह्याद्रीत पाय तयार झालेल्या मराठी ट्रेकरला हे डोंगर गाडीने तीन तासांवर. आकडे ऐकून ‘एवढंच ना?’ असं वाटणं अगदी साहजिक आहे.

याच माथ्यावर १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटरचा झोत मोजला गेला. १९९६ साली ऑस्ट्रेलियाजवळच्या एका चक्रीवादळात तो विक्रम मोडेपर्यंत पृथ्वीच्या पाठीवर यंत्राने नोंदलेला तो सर्वांत वेगवान वारा होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथलं तापमान उणे ४४ अंशांपर्यंत उतरलं आणि वाऱ्यासकट जाणवणारी थंडी उणे ७८ अंशांवर गेली. हे विक्रम बाजूला ठेवले तरी जानेवारीतला सरासरी वारा ताशी सत्तर किलोमीटरच्या वर असतो आणि सरासरी तापमान उणे १५च्या आसपास. डोंगररांग दक्षिणोत्तर पसरलेली, पश्चिमेकडून येणारा वारा तिच्यावर आडवा आदळतो आणि माथ्यावरून दाबला जाऊन वेग घेतो. त्यात अनेक वादळांचे मार्ग याच भागात एकत्र येतात.

या रांगेवरची आडवी चाल म्हणजे ‘प्रेसिडेन्शियल ट्रॅव्हर्स’. मॅडिसन, ॲडम्स, जेफरसन, वॉशिंग्टन, मन्रो, आयझेनहॉवर, पीअर्स अशी बहुतेक राष्ट्राध्यक्षांच्या नावांची शिखरं एकामागून एक येतात. अंतर सुमारे ३५ किलोमीटर आणि त्यातलं निम्म्याहून अधिक झाडांच्या वर, उघड्यावर. उन्हाळ्यात दमदार चालणारे लोक हे एका दिवसात उरकतात. हिवाळ्यात तीन दिवस धरावेत आणि चौथ्या दिवसाचं अन्न पाठीवर असावं.

चाल उत्तरेकडून दक्षिणेकडे करण्याची रीत आहे. थंडीतला नेहमीचा वारा वायव्येचा, त्यामुळे तो पाठीवर किंवा उजव्या खांद्यावर येतो. सर्वांत उंच आणि दमवणारी शिखरंही पाय ताजे असताना होऊन जातात. पहिल्या दिवशी ॲपलाचिया नावाच्या वाहनतळापासून वॅली वे या वाटेने जंगलातून चढायचं आणि झाडं संपण्याआधीच मुक्काम करायचा. किंवा लोज पाथने जाऊन रँडॉल्फ माउंटन क्लबच्या ग्रे नॉब या लाकडी खोपटात राहायचं. तिथे वर्षभर रखवालदार असतो. दुसरा दिवस सर्वांत लांब : ॲडम्स, जेफरसन, जमल्यास वॉशिंग्टन. तिसऱ्या दिवशी क्रॉफर्ड पाथने दक्षिणेला उतरायचं. ही वाट १८१९ सालची आहे आणि आजही वापरात आहे.

इतकं कागदावर उतरलं की बरेच जण नियोजन झालं असं समजतात. खरं काम इथून पुढे सुरू होतं. नकाशावर ही धार पुन्हा पाहायची, पण या वेळी शिखरं सोडून फक्त खाली उतरणाऱ्या वाटा मोजायच्या. मॅडिसनच्या खिंडीतून वॅली वे. ॲडम्सवरून ग्रे नॉबकडे जाणारी लोज पाथ. ॲडम्स आणि जेफरसनच्या मधल्या एडमंड्स खिंडीतून रँडॉल्फ पाथ. जेफरसन आणि वॉशिंग्टनच्या मधल्या क्ले शिखराच्या अंगाने पश्चिमेला ज्युएल ट्रेल. पुढे आयझेनहॉवरजवळून एडमंड्स पाथ. आता वाऱ्याची दिशा आठवावी. यातली जवळजवळ प्रत्येक वाट उत्तरेला किंवा पश्चिमेला, म्हणजे थेट वाऱ्याच्या तोंडावर उतरते. दिवसभर पाठीवर असलेला वारा माघार घेताना चेहऱ्यावर येतो, आणि माघार घेण्याची वेळ येते तेव्हा तो सर्वांत जोरात असतो.

पूर्वेला मात्र वारा आपणहून ढकलत नेतो. तिकडे उतार आहे, आडोसा आहे, धारेवरच्या गोठलेल्या माणसाला तो बोलावत असतो. पण जेफरसन, क्ले आणि वॉशिंग्टनच्या पूर्वेला ग्रेट गल्फ ही प्रचंड घळ आहे. तिच्या डोक्यावरचे कडे खडे, त्यांवर हिमस्खलनाचा धोका, आणि तळाशी पोहोचलंच तर रस्ता अजून कित्येक किलोमीटर लांब. एडमंड्स खिंड सोडल्यापासून ज्युएल ट्रेल येईपर्यंतचा टप्पा म्हणूनच संपूर्ण चालीतला सर्वांत नाजूक आहे. तिथे मध्ये जेफरसन उभा आहे आणि हिवाळ्यात भरवशाची वाट जवळ नाही. जेफरसन चढायचा की रँडॉल्फ पाथने खाली जायचं, हा निर्णय खिंडीतच झाला पाहिजे. किती वाजेपर्यंत तिथे पोहोचलो तर पुढे जायचं आणि किती वारा असेल तर फिरायचं, हे घरी बसून ठरवलेलं आणि सगळ्यांनी लिहून घेतलेलं असावं.

फेब्रुवारी २०१५ मध्ये एक तरुण, तंदुरुस्त, अनुभवी गिर्यारोहक या धारेवर एकटीच निघाली. उत्तरेकडची शिखरं एका दिवसात करून उतरायचा तिचा बेत होता. दिवस चढेल तसा वारा भयानक वाढेल, हा इशारा आदल्या दिवशीच्या अंदाजात होता. ती मॅडिसनच्या पुढे ॲडम्सच्या दिशेने गेली आणि मग परत फिरली. तिचं संकटसूचक यंत्र चालू झालं, पण त्याने कळवलेली ठिकाणं एकमेकांशी जुळेनात. दुसऱ्या दिवशी त्या दोन शिखरांच्या मधल्या खिंडीजवळ तिचा मृतदेह सापडला. वॅली वेचं वरचं टोक तिथून फार लांब नव्हतं. ज्या वाऱ्यात बचावपथकातल्या धडधाकट लोकांना उभं राहता येत नव्हतं, त्या वाऱ्यात ते थोडं अंतरही तोडता येत नाही.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात समोर तोंड करून उभ्या माणसावर साधारण तीस किलोचा दाब येतो, आणि तोही सलग नाही, झटक्याझटक्याने. उणे २० अंशांत ताशी ८० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला उणे ३८ची थंडी लागते आणि दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. माथ्यावरची वेधशाळा उंच शिखरांसाठी वेगळा अंदाज रोज देते; तो निघण्याच्या आदल्या रात्री आणि पुन्हा पहाटे पाहावा. त्यात एक गोष्ट फसवी असते. वादळ सरलं की आकाश निळंभोर होतं, आणि नेमकं तेव्हाच वायव्येचा गार वारा जोर धरतो. खालून स्वच्छ दिसणारा माथा सर्वांत वाईट दिवशीचा असू शकतो.

आपल्याकडच्या ट्रेकरने आणखी एक सवय मोडावी. महाराष्ट्रात होकायंत्राची सुई आणि खरी उत्तर यांत फरक जवळजवळ नसतो, त्यामुळे तो लक्षातही येत नाही. या डोंगरांत सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे १४ अंश पश्चिमेला वळते. ढगात एक किलोमीटर चालताना हा फरक धरला नाही तर माणूस अडीचशे मीटर बाजूला जातो. या धारेवर अडीचशे मीटर म्हणजे ग्रेट गल्फचा काठ. फोनची बॅटरी थंडीत मान टाकते, म्हणून होकायंत्र आणि कागदी नकाशा दोन भिडूंकडे तरी हवेत.

चौघांचा गट बरा. एकाला दुखापत झाली तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघे मिळून मदतीला जातात. कुणी एकटं पडत नाही. झाडांची शेवटची ओळ आली की सगळ्यांनी तिथेच थांबावं. घामाने ओला झालेला सदरा बदलायचा, बुटांना क्रॅम्पॉन चढवायचे, गॉगल आणि वरचे जाड हातमोजे घालायचे, दोन घास खायचे. उघड्यावर गेल्यावर हातमोजा काढून बक्कल लावायला घेतलं की मिनिटभरात बोटं ऐकेनाशी होतात, आणि वाऱ्यात शेजारच्याचं बोलणंही पोहोचत नाही. म्हणून खुणा आधी ठरवाव्यात. दर थोड्या वेळाने समोरासमोर उभं राहून एकमेकांचं नाक, गाल पाहावेत. मेणासारखा पांढरा डाग दिसला की तो लगेच उबदार हाताने झाकायचा. तो ज्याला पडतो त्याला स्वतःला कळत नाही. त्या खुरट्या फरच्या झुडपांवरून चालणं टाळावं. फांद्यांखाली बर्फ पोकळ असतो, पाय कमरेपर्यंत आत जातो आणि क्रॅम्पॉन फांद्यांत अडकतो.

मुक्कामाचा नियमही माहीत हवा. अडीच मीटरपेक्षा बुटकी झाडं जिथे आहेत तिथे तंबू लावायला वनखात्याची मनाई आहे. जमिनीवर निदान ६० सेंटिमीटर बर्फ असेल तरच सूट, आणि गोठलेल्या तळ्यावर तीही नाही. बर्फाखाली ‘रॉबिन्स सिंकफॉइल’सारख्या, याच डोंगरांत उगवणाऱ्या इवल्याशा वनस्पती असतात. वॉशिंग्टनच्या माथ्यावर इमारती आहेत, वेधशाळेचे लोकही असतात, पण हिवाळ्यात त्या ट्रेकरसाठी बंद असतात. त्यांच्या भरवशावर बेत आखू नये.

बेताचा कागद घरच्या एका माणसाकडे ठेवून निघावं : कोणती वाट, कुठे मुक्काम, गाड्या कुठे लावल्या, आणि कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर बचावपथकाला कळवायचं. चौथ्या दिवसाचं अन्न नेलेलं असल्याने ही वेळ चौथ्या दिवसाची संध्याकाळ ठरवता येते, आणि घरचा माणूस त्याआधी घाबरत नाही. निष्काळजीपणा दिसला तर बचावाचा खर्च वसूल करण्याचा अधिकार या राज्याच्या कायद्यात आहे, हेही त्या कागदावर सही करताना चौघांना ठाऊक असावं.

पुढच्या लेखांकात बर्फ वितळवून पाणी करण्याचं गणित : एक लिटर पाण्यासाठी किती इंधन, आणि कडक थंडीत गॅसचा डबा का रुसतो.