चौकटी आणि तारांच्या मागे

ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या वस्तूला गंजलेल्या लोखंडाचं रूप द्यायला कोड लिहावा लागत नाही. एक चौकट डागांची नक्षी तयार करते, दुसरी त्या डागांना रंग देते, तिसरी पृष्ठभागावर प्रकाश कसा पडेल ते ठरवते. आपण त्या तारांनी जोडायच्या. या चौकटी म्हणजे नोड. बघणाऱ्याला वाटतं, असा नोड-एडिटर बनवणं हे मुख्यतः चित्रकाम असणार. प्रत्यक्षात चित्रकाम हा सोपा भाग. क्यूटीसारख्या लायब्ररीत चौकटी मांडण्याची, ओढण्याची आणि तारांना बाक देण्याची सोय तयारच मिळते. कस लागतो तो नकार कुठे द्यायचा आणि काय लक्षात ठेवायचं, हे ठरवताना.

नोडवर तार जिथे जोडायची, ती खोबण. ब्लेंडरमध्ये रंगाची खोबण पिवळी, आकड्याची राखाडी, प्रकाशगुणांची हिरवी. हिरवी तार पिवळ्या खोबणीत घातली, तर ती लाल होते. आकडा मात्र रंगाच्या जागी चालतो, कारण त्याची राखाडी छटा करता येते. म्हणजे काय चालेल, काय नाही, याचा निवाडा जोडतानाच होतो. तार फिरून मूळ नोडकडेच येत असेल, तर हिशेब कधीच संपणार नाही. म्हणून ती जोडण्याआधी पुढचे सगळे रस्ते तपासावे लागतात. मधल्या नोडचा एक आकडा बदलला, तर फक्त त्याच्या पुढचंच पुन्हा मोजायचं, मागचं साठवलेलं वापरायचं. ही शिस्त नसेल, तर मोठ्या दृश्यात माउस हलवणंही जिवावर येईल.

यावर नेहमीचा आक्षेप: नोड वाढले की तारांचा नूडल्ससारखा गुंता होतो. खरं आहे. अनरिअल या गेम इंजिनमधल्या ब्लूप्रिंट्स या नोड-पद्धतीत अटी आणि लूप वाढले, की चार ओळींच्या कोडचं पडदाभर जाळं होतं. शिवाय दोन आवृत्त्यांमधला फरक मजकुरात ओळीओळीने दिसतो, जाळ्यात तितका सहज नाही. पण यातून नोड निरुपयोगी ठरत नाहीत. त्यांचं क्षेत्र ठरतं. प्रतिमा टप्प्याटप्प्याने बदलत जाते आणि प्रत्येक टप्पा डोळ्यांनी तपासायचा असतो, तिथे त्यांना तोड नाही. न्यूक हे सॉफ्टवेअर चित्रपटांच्या कंपोझिटिंगमध्ये, म्हणजे प्रतिमांचे थर एकत्र जुळवण्याच्या कामात, टिकलं ते त्यामुळेच. आणि जिथे कोडच सोयीचा, तिथे नोडवरच उभ्या असलेल्या हूडिनी या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्येही रँगल नावाचा नोड आहे, त्यात चक्क कोडच लिहायचा असतो! खरा कस नकार आणि साठवणीत लागतो, म्हणून असा एडिटर बनवायला घेणाऱ्यांनी आधी नोड आणि तारांचा पडद्याविना चालणारा आलेख लिहून तपासावा. चौकटींचे गोल कोपरे नंतर.