साडेआठची पोळी

होस्टेलवर सगळ्यांचं एकमत होईल असे विषय फार थोडे. सबमिशनची तारीख पुढे जावी हा एक, आणि मेसची पोळी चामड्यासारखी लागते हा दुसरा. पहिल्याचा निर्णय एचओडी सरांकडे असल्यामुळे आपण दुसऱ्याकडे वळू. (सर हे पान वाचत असतील तर पहिल्याचीही नोंद घ्यावी ही विनंती!)

आधी नावाचा वाद मिटवून टाकतो. पुण्याकडचे पोळी म्हणतात, कोल्हापूर-सांगलीकडचे चपाती म्हणतात, आणि त्यांच्यापुढे नुसतं 'पोळी' म्हटलं की ते "पुरण कुठाय?" म्हणून विचारतात. या लेखात मी पोळी लिहितोय. चपातीवाल्यांनी मनातल्या मनात शब्द बदलून वाचावं, रसायनशास्त्र तेच राहतं.

आमच्या विंगमध्ये रात्री जेवणानंतर गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी शेवटी खाण्यावर येतात. क्रिकेट, प्लेसमेंट, प्रेमप्रकरणं सगळं बाजूला पडतं आणि "आमच्याकडे काय करतात माहितेय का" सुरू होतं. जळगाववाला खापरावरच्या मांड्यांचं वर्णन करून सगळ्यांना छळतो. सोलापूरवाला कडक भाकरीचं पाकीट काढतो आणि क्षणात रिकामं करून घेतो. पण एक प्रश्न असा निघाला की त्यावर रात्री दीडपर्यंत वाद चालला. शाळेत असताना आई सकाळी साडेसहाला डबा भरायची, मधली सुट्टी साडेदहाला. चार तासांनी डबा उघडला तरी तूप-साखरेची ती गुंडाळलेली पोळी मऊच असायची. मग मेसची पोळी ताटात येईपर्यंतच कडक कशी होते?

उत्तरं अर्थातच प्रत्येकाच्या आईची होती. एकाची आई कणीक अर्धा तास झाकून ठेवते. दुसऱ्याकडे कणीक भिजवताना थोडं दूध घालतात, तिसऱ्याकडे कोमट पाणी. "मोहन घातलं की झालं," असं चौथ्याचं म्हणणं, आणि पाचवा म्हणतो की सगळं फडक्यात आहे, पोळ्या फडक्यात गुंडाळायच्या. गंमत म्हणजे या सगळ्या आया बरोबर आहेत. फक्त प्रत्येकीचा उपाय वेगवेगळ्या ठिकाणी काम करतो.

सुरुवात पिठापासून करू. गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन नावाची दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं की ती एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनचं जाळं तयार होतं. ग्लुटेनिनमुळे कणीक ताणल्यावर मागे येते, ग्लायडिनमुळे ती पसरते. नुकतीच तिंबलेली कणीक लाटायला गेलं तर ती आक्रसते, कारण जाळं ताणलेलं असतं. अर्धा तास ठेवली की ताण उतरतो. (मेकॅनिकलवाल्यांनी स्ट्रेस रिलॅक्सेशन म्हणावं.) शिवाय पिठातल्या कोंड्याला पाणी प्यायला वेळ लागतो. तेवढा वेळ दिला नाही तर कोंडा लाटताना आणि भाजताना ते पाणी शोषत राहतो. म्हणजे पहिली आई बरोबर.

गिरणीच्या पिठाची पोळी मऊ होते हेही घरोघरी ऐकलेलं असतं. जात्याच्या दगडांमध्ये गहू दळताना स्टार्चचे बरेच कण फुटतात, आणि फुटलेला कण सबंध कणापेक्षा खूप जास्त पाणी शोषतो. त्यामुळे 1 किलो कणकेत 600-650 मिली पाणी सहज मुरतं, मैद्यात एवढं मुरत नाही. पोळीत पाणी जितकं जास्त बसवता येईल तितकी ती उशिरा कडक होते. मात्र सैल कणीक पोळपाटाला चिकटते, लाटायला हात बसलेला लागतो आणि वेळही लागतो. ही वेळेची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचाच सगळा घोळ आहे.

आता तवा. साधारण 60 अंश सेल्सिअसच्या आसपास स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगायला लागतात, त्यांची आतली घट्ट रचना मोडते. यालाच पीठ शिजणं म्हणायचं. त्याच वेळी दोन्ही बाजूंचा पापुद्रा धरतो आणि आतल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे 1600 पट होतं, म्हणून चमचाभर पाण्यातही पोळी टम्म फुगते. फुगलेली पोळी आतून वाफेवर शिजते, तेही काही सेकंदांत. तवा पुरेसा तापलेला नसेल तर पापुद्रा धरायच्या आत वाफ निसटते. मग पोळी फुगत नाही, आणि ती शिजेपर्यंत तव्यावर ठेवावी लागते म्हणून वाळत जाते. मंद आचेवर 'नीट भाजलेली' पोळी कडक होते ती यामुळे. घाई असलेल्या बाईची पोळी अनेकदा जास्त चांगली होते, फक्त गॅस मोठा पाहिजे.

घडीच्या पोळीत तेल लावून घडी घालतात, त्यामुळे पदर सुटतात आणि वाफ पदरांमध्ये अडकून राहते. कणकेतलं मोहन किंवा दुधातली स्निग्धता थोडं वेगळं काम करते. ती ग्लुटेनचं जाळं फार घट्ट होऊ देत नाही आणि स्टार्च पुन्हा कडक होण्याचा वेग कमी करते.

हे 'पुन्हा कडक होणं' हा खरा मुद्दा आहे. पोळी वाळली म्हणून कडक झाली असं आपण समजतो. ते अर्धंच खरं. 1852 साली बुसँगो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पाव हवाबंद करून ठेवला. त्यातलं पाणी कुठेही गेलं नाही, तरी पाव शिळा झाला! आणि तोच पाव 60 अंशांच्या आसपास तापवल्यावर पुन्हा मऊ झाला. कारण असं की शिजताना विस्कटलेल्या स्टार्चच्या साखळ्या थंड होताना पुन्हा एकमेकींशेजारी रांगेत बसायला लागतात. अमायलोज नावाची सरळ साखळी काही तासांतच बसते, फांद्या असलेलं अमायलोपेक्टिन दिवस-दोन दिवस घेतं. याला रेट्रोग्रेडेशन म्हणतात. फ्रिजच्या 4 अंशांच्या आसपास ते सगळ्यात वेगाने होतं. म्हणून उरलेल्या पोळ्या मऊ राहाव्यात म्हणून फ्रिजमध्ये ठेवणं म्हणजे उलटा कारभार. फ्रीझरमध्ये मात्र ही क्रिया जवळजवळ थांबते. (फ्रिजमधली कणीक काळी पडते ते प्रकरण वेगळं. ते सफरचंद काळं पडतं तसं, एन्झाइम आणि ऑक्सिजनचं.)

राहिला फडक्याचा प्रश्न. गरम पोळ्या थेट स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं तर वाफ झाकणाला लागून पाणी होतं आणि वरची पोळी ओली चिंब. झाकण उघडं ठेवलं तर पाणी उडून जातं आणि पोळीची कडा आधी पापड होते. सुती फडकं मधला मार्ग काढतं: जास्तीची वाफ पितं आणि आतली हवा दमट ठेवतं. शिवाय दहा-बारा पोळ्या एकावर एक असल्या की त्या एकमेकींना ऊब देतात आणि लवकर थंड होत नाहीत. जुन्या घरांतली बांबूची दुरडी हेच काम करायची. स्टाफरूममध्ये डबा आणणाऱ्या मॅडम लोकांना हे सांगायची गरज नाही, तिथे फडकं असतंच.

बाहेरचं खाणं याच हिशेबात तपासून बघा. हायवेवरच्या हॉटेलात तंदुरी रोटी आली की दोन मिनिटांत संपवावी लागते, नाहीतर दातांचा व्यायाम. ती बहुतेक वेळा मैद्याची असते, पाणी कमी, तेल नाही आणि भट्टीचा ताव प्रचंड. म्हणून वेटर एकेक रोटी आणतो ते बरंच असतं, त्याच्यावर चिडू नये. मिसळीबरोबर स्लाइस की पाव यावर आमच्या विंगमध्ये दोन तट आहेत. पुण्यात बेडेकरांकडे स्लाइस मिळते, कोल्हापुरातही स्लाइसच, आणि मुंबईकराला पाव लागतो. माझं मत स्लाइसच्या बाजूने. किंचित शिळी स्लाइस रस्सा पिते पण विरघळत नाही, म्हणजे रेट्रोग्रेडेशनचा एवढा तरी फायदा आहे.

भाकरीचं शास्त्र मात्र संपूर्ण वेगळं. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे जाळंही नाही. मग भाकरी थापता कशी येते? गरम पाण्यामुळे थोडा स्टार्च परातीतच शिजतो, चिकट होतो आणि पीठ धरून ठेवतो. पीठ जुनं झालं की "विरी गेली" म्हणतात आणि भाकरीला भेगा पडतात. धरून ठेवणारा फक्त स्टार्च असल्यामुळे भाकरी तव्यावरून थेट ताटात यायला हवी. खानावळीत गरम भाकरी आग्रहाने वाढतात त्यामागे प्रेम असेलच, पण हेही आहे. सोलापूरवाल्याची कडक भाकरी मात्र हुशार निघाली. मऊ राहायचा हट्टच सोडला, पाणी पूर्ण काढून टाकलं, आणि ती कितीतरी दिवस टिकते.

डब्याच्या या आठवणी सगळ्यांच्या नसतात, हे त्या रात्री मध्येच लक्षात आलं. विंगमधले दोघं जिल्हा परिषदेच्या शाळेतले. त्यांच्या मधल्या सुट्टीत डबा नव्हता, खिचडी होती. ही योजना देशात 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाली. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी शिजवलेलं अन्न न देता धान्यच मिळायचं. वर्कशॉपमधले एक मामा सांगत होते, त्यांच्या मोठ्या मुलीच्या वेळी शाळेतून महिन्याला 3 किलो तांदूळ घरी यायचा. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश दिला, आणि मग शाळेत चूल पेटली. (2021 पासून योजनेचं नाव पीएम पोषण.) "वर्गात बसून वास यायचा, गणित डोक्यात शिरायचं नाही," हे त्यातल्या एकाचं वाक्य. तिथेच शिजवून तिथेच वाढायची म्हणून खिचडी गरम असायची. तीच थंड झाल्यावर गठ्ठा होते, कारण तांदळातही स्टार्चच.

आता आपल्या मेसकडे येऊ. समजा 200 जण, प्रत्येकी 4 पोळ्या, म्हणजे 800 पोळ्या. एक उंडा 40 ग्रॅमचा धरला तर 1 किलो पिठाच्या साधारण 40 पोळ्या होतात, म्हणजे 20 किलो पीठ. मोठ्या तव्यावर एका वेळी 3 पोळ्या आणि प्रत्येक खेपेला 45 सेकंद धरले तर 3 तास 20 मिनिटं लागतात, तेही एकदाही पाठ सरळ न करता. काकूंनी 5 वाजता सुरुवात केली तर शेवटची पोळी 8.20 ला उतरणार. सैल कणीक, घडी, तेल हे सगळं या वेळापत्रकात बसत नाही. कणीक घट्ट भिजवली जाते, वरून पीठ भरपूर लावलं जातं (ते पोळीतलं पाणी पितं), आणि पोळ्या उघड्या पातेल्यात पडतात, वर पंखा.

कॉम्प्युटरवाल्यांनी त्या पातेल्याकडे नीट बघावं. तो स्टॅक आहे, लास्ट इन फर्स्ट आउट! नवी पोळी वर पडते आणि वाढताना वरचीच उचलली जाते. साडेसातला पहिल्या पंक्तीत बसणाऱ्याला ताजी मिळते. जिममधून, लायब्ररीतून किंवा झोपेतून साडेआठनंतर उगवणाऱ्यांच्या ताटात तळाच्या, म्हणजे पाच-सव्वापाचच्या पोळ्या. मेस 9 ला बंद होते तेव्हा शेवटच्या माणसाची पोळी तब्बल 4 तास जुनी असते. तीच पोळ्यांची रांग आधी केली ती आधी वाढायची अशी लावली, तर वरच्याच आकड्यांनी सगळ्यात जुनी पोळी अडीच तासांची येते आणि शेवटच्या माणसाला 40 मिनिटांपूर्वीची मिळते. खर्च काय? दोन-तीन झाकणाचे डबे, त्यांवर वेळेची चिठ्ठी आणि सहा सुती फडकी. दुसरा तवा आणि दोन हात वाढवता आले तर पोळ्यांना साडेपाच-पावणेसहाला हात घातला तरी चालेल, पण त्याला पैसे लागतात आणि ते मेस कमिटीने मेस बिलात धरावे लागतील. पोळी टाकून देऊन खिडकीतून काकूंना ऐकवणाऱ्यांनी त्यावरही मत द्यावं. तीन तास तव्यासमोर उभं राहायला आपल्यापैकी किती जण तयार आहेत ते एकदा हात वर करून बघू.

तोवर उरलेल्या पोळ्यांचं काय? रूमवर हॉटप्लेट चालत नाही, पण सकाळी काकूंना नीट विचारलं तर मेसमधला एक बर्नर मिळतो. चार शिळ्या पोळ्या हाताने कुस्करायच्या, फार बारीक नाही. तेलात मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची आणि भरपूर कांदा. कांदा मऊ झाला की कुस्करा टाकायचा, मीठ आणि किंचित साखर घालायची, पाण्याचा हबका मारायचा आणि झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ काढायची. बुसँगोने पावाला केलं तेच इथे होतं, 60 अंशांच्या वर गेल्यावर रांगेत बसलेल्या साखळ्या परत मोकळ्या होतात. झाकण मात्र दोन मिनिटं उचलायचं नाही, आणि खायला वेळ लावायचा नाही, कारण थंड झाली की ती पहिल्यापेक्षा जास्त कडक होते. वर दाण्याचं कूट घातलं तर छान लागतं. लिंबू मेसमध्ये असतं, कोथिंबीर नसते.