‘सर्वसाधारण’ भाव म्हणजे कोणता?

फलटण बाजार समितीतील कांद्याचे दर वाचताना नजर आधी कमाल भावावर जाते. तो निवडक, मोठ्या, कोरड्या मालाचा. गोलटी, जोड कांदा यांच्या वाट्याला किमान भावच. समजा, १०० क्विंटलपैकी १० क्विंटल २,१०० रुपयांनी, ७० क्विंटल १,२०० रुपयांनी व २० क्विंटल ७०० रुपयांनी विकले गेले. कमाल-किमान दरांचा मध्य १,४०० येतो; त्या दराने एकही पोते गेलेले नाही! वजनानुसार सरासरी १,१९० रुपये. सर्वसाधारण भाव मात्र बहुतांश माल ज्या दराने गेला तो, म्हणजे १,२००. अर्थात तोही प्रतवारी सांगत नाही. गोलटीची गाडी आणणाऱ्याच्या पट्टीवर ७००च लागतात, आणि त्यातूनही हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा.