पऱ्हाटीतली साखर

कापसाची शेवटची वेचणी झाली की आपल्या वऱ्हाडातल्या केळापूरकडे बांधाबांधावर पऱ्हाटीचे भारे पडतात. त्या वाळक्या काडीत साखर असते, हे माहीत आहे का तुम्हाला? चघळून पाहाल तर गोड लागायची नाही. तिचे कण एकमेकांना घट्ट बांधून लाकडात अडकलेले असतात. सरकीची टरफलं किंवा दाणे काढलेलं मक्याचं कणीस आम्लात उकळलं, की ती सुटी होते. तिचं नाव झायलोज. आपल्या ग्लुकोजमध्ये कार्बनचे सहा अणू, हिच्यात पाच. एवढ्याशा फरकामुळे शरीराला ती नीट जाळता येत नाही. आतडं तिला आत घेतं, रक्त फिरवतं आणि बराचसा भाग मूत्रपिंडं जशीच्या तशी बाहेर टाकतात. डॉक्टरांना ती हवी असते ती याचसाठी.

आता एखादं लेकरू डोळ्यांपुढे आणा. ज्वारीची भाकर खातं, वरण खातं, पण हातापायाला मांस धरत नाही. माय म्हणते, "खाल्लेलं अंगीच लागत नाही हो." ती अगदी बरोबर बोलते. ताटात आहे, पोटातही गेलं, पण आतड्याची भिंत ओलांडून रक्तात गेलं नाही.

मोठ्या माणसाचं लहान आतडं सुमारे सहा मीटर लांब असतं. त्याच्या आतल्या अंगाला लाखो रसांकुर असतात, एकेक जेमतेम मिलिमीटरभर उंच. अन्न शोषायचं काम त्यांचं. त्यांच्यावरच्या पेशी चार-पाच दिवसांत झडतात आणि नव्या येतात, इतकं ते काम झिजवणारं. उष्ण प्रदेशात होणाऱ्या स्प्रू नावाच्या आजारात हे रसांकुर आखूड आणि बोथट होतात. जुलाब लागतात, वजन उतरतं, रक्त कमी होतं. मग झायलोजची चाचणी करायची. निरोगी माणसाला 25 ग्रॅम झायलोज पाण्यातून पाजली, तर पाच तासांच्या लघवीत चार ग्रॅमहून जास्त उतरते. याहून फार कमी उतरली, तर भिंत आजारी असल्याची शंका घ्यायची.

पण यात एक गोची आहे. साखर कमी उतरली याचं कारण आतडंच असेल कशावरून? उलटी झाली असेल, जठर सावकाश रिकामं झालं असेल, मूत्रपिंडं मंद असतील. यावरचा तोडगा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या इयन मेंझीस यांनी 1970 च्या दशकात पुढे आणला आणि मला तो फार आवडतो. त्यांनी एकाच वेळी दोन साखरा पाजल्या.

आपल्याकडची कुडाची भिंत आठवा. तिला दार असतं आणि लिंपण निघालं की भेगाही पडतात. या चाचणीतला मॅनिटॉल हा लहान रेणू, तो दारातून आत जातो. लॅक्ट्युलोज मोठा, त्याला दार बंद. तो फक्त भेगेतून शिरू शकतो. रसांकुर झिजले की दारं कमी होतात आणि मॅनिटॉल घटतं. पेशींमधले सांधे सैल झाले की भेगा वाढतात आणि लॅक्ट्युलोज वाढतं. उलटी किंवा मंद मूत्रपिंड यांचा फटका दोघांनाही सारखाच बसतो, म्हणून दोघांचं गुणोत्तर काढलं की तो आपोआप कटून जातो. सुई नाही, काप नाही.

काम मात्र चिकाटीचं. उपाशीपोटी पाजायचं, पाच तास लघवीचा थेंबन्‌थेंब गोळा करायचा, तान्ह्या बाळाला पिशवी चिकटवायची. बाटलीत आधीच जंतुनाशक टाकून ठेवायचं, नाहीतर मोजण्याआधीच जंतू ती साखर खाऊन टाकतात!

स्प्रूत रक्त कमी होतं म्हटलं ना, त्याचा एक धागा कापसापर्यंत जातो. आपल्या वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गिरण्यांत जायचा. तिथल्या गिरणी कामगार बाया गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत आणि त्यात कित्येक दगावत. 1928 साली लुसी विल्स नावाच्या डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या आणि याच दुखण्यामागे लागल्या. खमिराचा स्वस्त अर्क दिला की या बाया बऱ्या होतात, हे त्यांनी 1931 मध्ये जगाला सांगितलं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य म्हणजे फोलेट. झायलोज आणि फोलेट दोन्ही लहान आतड्याच्या वरच्याच भागात शोषली जातात. म्हणून भिंत बिघडली की दोन्ही कमी पडतात. स्प्रूच्या रोग्याला फॉलिक आम्ल आणि टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक देतात आणि रोगी सावरतो.

पुढे वेल्लोरला बेकर आणि मथन या डॉक्टरांनी गावोगावचे स्प्रूचे रोगी तपासले. तिकडे धडधाकट दिसणाऱ्या अनेक माणसांचीही झायलोज कमी उतरते, असं आढळलं. मग ही आपली जन्मजात ठेवण म्हणायची का? नाही. पाकिस्तानात राहायला आलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांची आतडीही तशीच झाली, असं 1966 साली छापून आलं; मायदेशी परतल्यावर ती सुधारली. दोष रक्ताचा नाही, पाण्याचा आणि मातीचा. पोटात सतत जाणारे मैल्यातले जंतू भिंत पोखरत राहतात. गांबियातल्या तान्ह्या मुलांची दोन साखरांची चाचणी घेतली, तेव्हा खुंटलेल्या वाढीचा 43 टक्क्यांपर्यंतचा भाग या गळक्या भिंतीशी जुळला. ते साल 1991.

तर मग संडास बांधले, हात धुतले की झालं? बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेत हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. 2018-19 मध्ये निकाल आले: एवढ्यानं मुलांची उंची वाढली नाही. हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. पण त्या निकालांचा अर्थ स्वच्छतेनं काही होत नाही असा मी घेत नाही. अर्धवट स्वच्छता पुरत नाही, असा घेतो. अंगणात कोंबड्या-बकऱ्यांची घाण तशीच आणि लेकरू त्यातच रांगत असेल, तर हात धुऊन किती जंतू टळणार? कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, बाराही महिने निर्मळ पाणी चुलीपर्यंत आलं पाहिजे आणि लेकराला रांगायला कोरडी, स्वच्छ जमीन मिळाली पाहिजे. अंगणवाडीतला पोषण आहार हवाच, पण तो अंगी लागायचा तर एवढं तरी करावंच लागेल.