सगळे दिसते, पण पोहोचत नाही

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एकोणीस वर्षांचा एक मुलगा आईसोबत येतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत आधीच्या तपासण्यांचे कागद. मेंदूचा सीटी स्कॅन नॉर्मल. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन ठीक. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दिलेल्या चक्करीच्या गोळ्या दोन महिने घेऊन झालेल्या. ‘काय होतंय?’ असे विचारल्यावर तो म्हणतो, ‘कसंतरी होतं.’ केसपेपरवर पुन्हा एकदा ‘चक्कर’ लिहिले जाणार, इतक्यात आई म्हणते, ‘साहेब, हा रात्री आरशासमोर उभा राहतो. विचारलं तर म्हणतो, हा मीच आहे का ते बघतोय.’

डॉक्टर पेन खाली ठेवतात. मग मुलगा हळूहळू बोलू लागतो. बोलताना स्वतःचा आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटतो. हात आपलेच आहेत हे कळते, पण ते आपले वाटत नाहीत. रस्ता, माणसे, वर्ग सगळे जागच्या जागी आहे, पण सिनेमाच्या पडद्यावर असावे तसे. मध्ये कुणीतरी काच लावली आहे. आई समोर बसली आहे, ती आईच आहे, पण तिच्याकडे पाहून आत जे हलायला हवे ते हलत नाही. हे ऐकताना आई पदर डोळ्यांना लावते. गेले चार महिने तिला वाटत होते, बाहेरगावी शिकायला ठेवला आणि पोराची माया आटली. मुलाला मात्र वेगळीच भीती होती. ‘मी वेडा होतोय का?’

नाही. स्वतःपासूनच तुटल्यासारखे वाटण्याला डीपर्सनलायझेशन म्हणतात आणि भोवतालचे जग खोटे, सपाट किंवा धुक्यातले वाटण्याला डीरिअलायझेशन. बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतात. मराठीत यासाठी रोजच्या वापरातला शब्द नाही, हीच पहिली अडचण. शब्द नसल्याने रुग्ण ‘डोकं जड आहे’, ‘गरगरतं’, ‘कसंतरी होतं’ असे काहीबाही सांगतो आणि डॉक्टर त्यावर तशीच गोळी लिहून देतात. खरे तर शास्त्राला तरी हा शब्द कुठे सहज मिळाला? फ्रेंच विचारवंत लुडोविक दुगा यांनी १८९८ मध्ये तो वापरात आणला, तोही स्विस प्राध्यापक आंरी-फ्रेदेरिक आमिएल यांच्या खासगी रोजनिशीतून उचलून.

हा अनुभव दुर्मीळ नाही. रात्रभर जागरण, जवळच्या माणसाचा मृत्यू, लांबचा प्रवास, जोराचा ताप यांत अनेकांना काही मिनिटे किंवा तास असे वाटून जाते आणि ते विसरूनही जातात. तो महिनोन्‌महिने टिकतो किंवा पुन्हापुन्हा येतो आणि अभ्यास, काम, नाती अडवतो तेव्हा त्याला आजार म्हणतात. असा त्रास साधारण शंभरातल्या एक-दोघांना आयुष्यात केव्हातरी होतो, स्त्री-पुरुष दोघांनाही सारखाच. सुरुवातीचे सरासरी वय सोळाच्या आसपास आहे. पंचविशीनंतर तो क्वचितच पहिल्यांदा दिसतो. चाळिशीनंतर असे प्रथमच होऊ लागले, तर मेंदूचा दुसरा काही आजार नाही ना, हे आधी पाहावे लागते.

मेंदू असे का करतो, याचा एक धागा डोंगरात सापडतो. स्विस भूगर्भशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइम १८७१ मध्ये आल्प्समधल्या सेंटिस पर्वतावरून पडले आणि वाचले. पुढे त्यांनी कड्यावरून कोसळून वाचलेल्या गिर्यारोहकांचे अनुभव गोळा करून १८९२ मध्ये प्रसिद्ध केले. पडताना बहुतेकांना ना वेदना झाल्या होत्या, ना भीती वाटली होती. काळ लांबला होता, डोके विलक्षण शांत होते. स्वतः हाइम यांना आपले गतायुष्य दूरच्या रंगमंचावर चालल्यासारखे दिसले होते. १९७० च्या दशकात अमेरिकेत नॉयज आणि क्लेटी यांनी अपघातातून वाचलेल्यांकडून असेच ऐकले.

म्हणजे मोठ्या धोक्यात मेंदू भावनांचा आवाज कमी करतो, जेणेकरून माणूस घाबरून गोठू नये. लंडनमधल्या संशोधकांनी २००१ मध्ये या रुग्णांना किळसवाणी चित्रे दाखवून मेंदूचे स्कॅन केले. भावना अंगात जाणवून देणारा ‘इन्सुला’ हा भाग त्यांच्यात मंद प्रतिसाद देत होता, तर कपाळामागचा, भावनांना लगाम घालणारा भाग जास्त कामाला लागला होता. कड्यावरून पडताना हा लगाम उपयोगी पडतो. परीक्षेच्या ताणात, घाबरण्याच्या झटक्यानंतर किंवा लहानपणी सतत मानहानी सोसलेल्या माणसात तो लागतो आणि सुटत नाही, तेव्हा तोच आजार होतो.

तो का सुटत नाही? इथे आरसा येतो. ‘मी खरा आहे का’ हे तपासायला रुग्ण आरशात बघतो, हात निरखतो, स्वतःचे नाव पुटपुटतो. पण मंद उजेडात आरशाकडे बराच वेळ टक लावली, तर निरोगी माणसालाही स्वतःचा चेहरा परका दिसू लागतो. तपासले की परकेपणा वाढतो, त्याने भीती वाढते, भीतीने मेंदू लगाम आणखी ओढतो आणि माणूस पुन्हा आरशाकडे जातो.

वेडाची भीती मात्र निराधार आहे, आणि ते ठरवणारा शब्द अगदी छोटा आहे: ‘जणू’. या मुलाने सांगितले, ही आईच आहे, पण आई वाटत नाही. मनोविकृतीचा रुग्ण ठामपणे सांगेल की ही माझी आई नाहीच, तिचे रूप घेतलेली दुसरीच बाई आहे. वास्तवाचे भान शाबूत असते, म्हणून तर या मुलाला इतका त्रास होतो. हा फरक विचारला नाही, तर मनोविकृतीची औषधे सुरू होतात. त्यांचा या त्रासात सहसा उपयोग होत नाही, सुस्ती मात्र येते.

घरचेही आपापला अर्थ लावतात. कुणी बाहेरची बाधा म्हणते, तर कुणी साक्षीभाव, साधनेतली प्रगती. साधक अलिप्तता स्वतः शोधतो आणि त्यात त्याला शांती मिळते. इथे ती लादलेली असते आणि माणूस घाबरलेला असतो. अशा रुग्णाला एकट्याने तासन्‌तास ध्यानाला बसवणे उलट बाधू शकते.

काही गोष्टी मात्र तपासायलाच हव्यात. अनुभव दर वेळी हुबेहूब तसाच, मिनिटभराचा असेल, त्यात भान हरपत असेल किंवा ओठ चाटण्यासारख्या हालचाली होत असतील, तर अपस्माराची शंका घेऊन ईईजी काढावा. अर्धशिशी आणि आतल्या कानाचे विकारही पाहावेत. आणि गांजा. या मुलाच्या आईला डॉक्टरांनी औषधाच्या खिडकीवर पाठवले, मग हा प्रश्न विचारला. ‘एकदाच. मित्राच्या खोलीवर.’ त्याच रात्री घाबरण्याचा पहिला झटका आला होता, आणि काच तेव्हापासूनची. आईसमोर हे उत्तर मिळाले नसते.

केवळ या विकारासाठी मान्यता मिळालेले औषध नाही. लॅमोट्रिजिनचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. सोबत चिंता किंवा नैराश्य असेल तर त्याची औषधे उपयोगी पडतात. खरा आधार समुपदेशनाचा, त्यातही विचार-वर्तन उपचाराचा, आणि त्याची सुरुवात हे नेमके काय आहे ते समजावून सांगण्यापासून होते. अर्धी भीती तिथेच उतरते. मग झोपेची वेळ बांधायची, गांजा पूर्ण बंद, आरशासमोर दात घासण्यापुरतेच उभे राहायचे. मन आत वळू लागले की ते बाहेर न्यायचे: थंड पाण्यात हात धरायचे, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे घ्यायची, कुणाशी तरी बोलत चालायचे. बरे वाटल्यावर मित्रांत जाईन, असे म्हणून थांबायचे नाही, काचेसकट जायचे. घरच्यांनी ‘आता कसं वाटतंय?’ असे दर तासाला विचारणे थांबवायचे, कारण तेही आरसा दाखवणेच आहे. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो आणि मराठीत बोलता येते.

तिसऱ्या भेटीत मुलगा म्हणाला, काच आहे, पण कधीकधी तासभर नसते. आईची तक्रार वेगळी होती. इतके दिवस गप्प असायचा, आता धाकट्या बहिणीशी रिमोटवरून कडाकडा भांडतो. डॉक्टरांनी केसपेपरवर ते ‘सुधारणा’ म्हणून लिहिले आणि पुढची तारीख दिली.