शितावरून भाताची परीक्षा

नातवंडांना शाळेसाठी तयार करण्याचे काम आज अनेक घरांत आजी-आजोबांकडे आहे. म्हणूनच हा विषय तुमच्यापुढे मांडतो.

डिसेंबर २०२४ च्या आरंभी चांदीपमधील एक आजी तिसरीतल्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. तीन दिवस शाळेची वेळ झाली की त्याच्या बेंबीभोवती दुखे आणि दुपारी आपोआप थांबे. ताप, उलटी, जुलाब काहीही नव्हते. ‘‘दिल्लीची परीक्षा आहे, डॉक्टर. नापास झाला तर वर्ष वाया जाईल,’’ आजी म्हणाल्या. त्यांचाही रक्तदाब मोजला. तो नेहमीपेक्षा बराच चढलेला होता.

ज्या परीक्षेने दोघांची झोप उडवली, तिचे स्वरूप समजून घ्या. ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभर ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ झाले. त्याआधी १२ नोव्हेंबर २०२१ रोजी राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झाले होते. ‘परख’साठी तिसरी, सहावी व नववीचे वर्ग होते, तेही निवडक शाळांतले. सुमारे ७४ हजार शाळांतील २१ लाख मुलांनी ते दिले. तिसरीला विषय दोनच, भाषा आणि गणित. यात कोणत्याही मुलाला गुण मिळत नाहीत, कोणी उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण होत नाही. निष्कर्ष निघतो तो जिल्ह्याचा, राज्याचा आणि देशाचा.

भात शिजला का हे आपण दोन-चार शिते दाबून पाहतो. कच्चा निघाला, तर शिताला बोल लावीत नाही. आच पाहतो, पाणी पाहतो. देशातील तिसरीच्या केवळ ५५ टक्के मुलांना ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावता आल्या. हा दोष मुलांचा नव्हे. शिकवण्याची आच कोठे कमी पडते, ते त्यातून कळते.

तुमच्या नातवंडाला नेमके काय येते, हे वर्गशिक्षकांना विचारा. शाळेतील पायाभूत व संकलित चाचण्या त्यासाठीच असतात. पाचवीच्या वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला मात्र त्याच वर्गात ठेवता येते. पण त्याआधी पुनर्परीक्षेची संधी मिळते.

चाचणीच्या आदल्या रात्री मुलाला वेळेवर झोपवा. सकाळी थोडे खाऊ घाला. ‘किती गुण मिळाले?’ याऐवजी ‘आज काय विचारले?’ असे विचारा. मात्र दुखण्याने मूल रात्री जागे होत असेल, ताप, वारंवार उलट्या वा शौचातून रक्त असेल, वजन घटत असेल, तर ते भीतीचे दुखणे मानू नका, डॉक्टरांना दाखवा.

त्या मुलाला मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तारखा वाचायला सांगितल्या. तो डोळे बारीक करून पुढे सरकला. नेत्रतपासणीत चष्म्याचा नंबर निघाला. त्याला फळ्यावरचे नीट दिसतच नव्हते, आणि हे घरात कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

चष्मा लागल्यावर आजी पुन्हा आल्या. ‘‘परीक्षेचं काय झालं, ते मी विचारलंच नाही,’’ त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब नेहमीसारखा होता.