मुंबई पाहावी हिशेबाने

बुलढाणा जिल्ह्यातील व्यापारी घराण्यांना मुंबई नवी नाही. घाटाखालचे मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव असो की घाटावरचे चिखली, मेहकर, बुलढाणा असो, कापड, भांडी, कटलरी वा औषधांच्या खरेदीसाठी मुंबईची वारी अनेक पिढ्या चालत आली आहे. परंतु ही मुंबई बहुधा घरातील कर्त्या पुरुषाची मुंबई होती. रात्रीच्या गाडीने जावे, मुळजी जेठा मार्केट व मंगळदास मार्केट गाठावे, सौदे करावेत आणि पुन्हा रात्रीच्या गाडीने परत फिरावे. घरातील स्त्रिया आणि मुले यांच्या वाट्याला मुंबई आली ती पार्सलांच्या रूपाने किंवा ऐकीव वर्णनाच्या रूपाने. पुष्कळ घरांत आजी, सून आणि नात अशा तीन पिढ्यांनी मुंबई पाहिली ती केवळ एखाद्या लग्नाच्या वा रुग्णालयाच्या निमित्ताने.

यामागचे कारण विचारले असता उत्तर ठरलेले असते : ‘मुंबई म्हणजे खर्च.’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. मुंबईत राहणे महाग आहे, घर घेणे तर त्याहून महाग आहे. पण मुंबई पाहणे महाग नाही. त्या नगरीत जे उत्तम आहे, त्यातील बराचसा भाग सार्वजनिक आहे. त्याला एक तर तिकीट नाही, किंवा असलेच तर ते गावच्या जत्रेतील पाळण्याहून फार अधिक नाही. मॉल, मोठी उपाहारगृहे आणि टॅक्सी यांनाच मुंबई समजणाऱ्याचा खिसा रिकामा होतो, आणि मुंबईही पाहायची राहून जाते.

वऱ्हाडचा कापूस आणि मुंबईचे वैभव

या जिल्ह्यातील कुटुंबाने मुंबईत परक्यासारखे वावरण्याचे काहीच कारण नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या व्यापाराने मुंबईत पैशाचा पूर लोटला. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. त्यामुळे जी.आय.पी. रेल्वे १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचली आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब ते खामगाव या छोट्या फाट्याचे उद्घाटन झाले. खामगावच्या बाजारातील गाठी थेट मुंबईच्या बंदराकडे जाऊ लागल्या. फोर्ट विभागातील भव्य इमारतींत कापसाच्या पैशाचा वाटा मोठा आहे आणि त्या कापसात आपल्या काळ्या मातीचाही अंश आहे.

या काळातील मुंबईचे सर्वांत गाजलेले नाव म्हणजे प्रेमचंद रायचंद. सुरतेच्या जैन कुटुंबात जन्मलेला हा व्यापारी कापूस आणि शेअर यांच्या उलाढालीत शिखरावर पोहोचला. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी त्यांनी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला त्यांनी आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव दिले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईतील असंख्य पेढ्यांबरोबर प्रेमचंदांची संपत्तीही बुडाली. परंतु १८७८ साली पूर्ण झालेला सुमारे २८० फूट उंचीचा राजाबाई मनोरा आजही उभा आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम पाळणाऱ्या वृद्ध मातोश्रींना घड्याळाच्या टोल्यांवरून वेळ कळावी, अशी त्यामागील भावना सांगितली जाते. जे तिजोरीत राहिले ते गेले. जे दिले ते उरले. हा धडा मुलांना पुस्तकातून शिकविण्यापेक्षा ओव्हल मैदानाच्या कडेला उभे करून दाखविणे अधिक परिणामकारक ठरते. त्या दर्शनाला एक पैसाही पडत नाही.

प्रवास, मुक्काम, भोजन

मलकापूर वा शेगाव येथून मुंबई सुमारे पाचशे किलोमीटरवर आहे. विदर्भ एक्स्प्रेस किंवा अमरावती–मुंबई एक्स्प्रेस या रात्रीच्या गाड्यांनी निघाल्यास सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरता येते. आरक्षण आगाऊ केल्यास शयनयान डब्याचे भाडे सामान्य कुटुंबाला जड जात नाही. जाताना आणि येताना रात्र गाडीतच जात असल्याने दोन दिवसांच्या सहलीत मुक्कामाचा खर्च एकाच रात्रीचा येतो. मंदिरांना जोडून असलेल्या धर्मशाळा आणि भोजनशाळा ही आपल्या समाजाची मोठी सोय आहे. मात्र सुट्टीच्या दिवसांत तेथे जागा लवकर भरते. म्हणून आधी दूरध्वनी करून नकरा, वेळा आणि लागणारी ओळखपत्रे यांची चौकशी करून घ्यावी.

भोजनाच्या बाबतीत घरचा डबा हाच उत्तम. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खाकरे, मेथीचे ठेपले हे पदार्थ दोन दिवस सहज टिकतात. मुंबईत जैन पद्धतीचे पदार्थ मागितल्यास कोणी चकित होत नाही. कच्च्या केळ्याची पावभाजी तर तेथे सर्रास मिळते. चौविहार पाळणाऱ्यांचा आणखी एक फायदा होतो. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकले की संध्याकाळ सारी फिरण्यास मोकळी राहते आणि खाऊच्या गाड्यांवर होणारा खर्च आपोआप वाचतो.

पहिला दिवस : फोर्ट

गाडीतून उतरल्याबरोबर घाईने बाहेर पडू नये. हे स्थानकच एक प्रेक्षणीय स्थळ आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाची ही वास्तू २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. दगडात कोरलेले मोर, माकडे, पाने, फुले यांत मुलांचा अर्धा तास सहज जातो. सामान धर्मशाळेत ठेवून मग पायी हॉर्निमन सर्कलकडे वळावे. आज जेथे गोल बाग आहे, तेथे एकेकाळी मोकळे मैदान होते आणि त्यावर कापसाच्या गाठी रचल्या जात; म्हणून त्यास ‘कॉटन ग्रीन’ म्हणत. याच परिसरातील वडाच्या झाडाखाली दलाल जमत आणि त्यांतूनच १८७५ साली मुंबईचा शेअर बाजार आकारास आला. समोर १८३३ साली पूर्ण झालेल्या टाउन हॉलच्या रुंद पायऱ्या आहेत. तेथे बसून डबा खाणाऱ्या नोकरदारांना पाहिले की साहेबांची ही मुंबई आता कोणाची आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

जवळच रिझर्व्ह बँकेचे मौद्रिक संग्रहालय आहे. प्राचीन नाण्यांपासून हुंड्यांपर्यंतचा पैशाचा प्रवास तेथे मांडलेला आहे. ज्या घरात आजोबांनी हुंडी लिहिली आणि नातू मोबाइलवर पैसे पाठवितो, त्या घराने तो अवश्य पाहावा. पुढे काळा घोडा भागात १९५२ साली सुरू झालेले जहांगीर कलादालन विनामूल्य आहे. मोठे तिकीट काढायचेच असेल तर ते समोरच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे काढावे. तेथील श्रवणबेळगोळची बाहुबलींची प्राचीन कांस्यमूर्ती आकाराने लहान असली तरी तिच्यासमोर पाय थबकतात. एका दिवसात एकच संग्रहालय, पण सावकाश, हा नियम ठेवल्यास पैसा आणि शीण दोन्ही वाचतात.

दुपार ढळल्यावर ओव्हल मैदान गाठावे. एका बाजूस उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई मनोरा, तर दुसऱ्या बाजूस विसाव्या शतकातील आर्ट डेको शैलीच्या वळणदार इमारती. समोरासमोर उभ्या असलेल्या या दोन काळांच्या वास्तुसमूहास २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथून मरीन ड्राइव्ह पायी काही मिनिटांवर आहे. सुमारे साडेतीन किलोमीटरच्या त्या कठड्यावर उद्योगपती आणि हमाल एकाच दगडावर बसून तोच सूर्यास्त पाहतात. त्यात कोणासाठी राखीव जागा नसते.

दुसरा दिवस : मलबार हिल

दुसऱ्या दिवशी सकाळी बसने मलबार हिल गाठावी. वाळकेश्वरचे बाबू अमीचंद पनालाल यांनी १९०४ साली बांधलेले आदीश्वर भगवानांचे मंदिर, ‘म्हातारीचा बूट’ असलेली कमला नेहरू बाग आणि पायऱ्यांनी वेढलेला बाणगंगा तलाव ही तिन्ही स्थळे परस्परांपासून दूर नाहीत. मार्च २०२५ मध्ये येथे ४८५ मीटर लांबीचा उन्नत निसर्गमार्ग सुरू झाला आहे. झाडांच्या शेंड्यांमधून चालत समुद्र पाहण्याचे भारतीयांसाठी शुल्क २५ रुपये आहे. मात्र नोंदणी आधी करून ठेवावी. उतरताना गावदेवीतील मणिभवन पाहावे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतील मुक्काम येथे असे.

वेळ उरल्यास हार्बर मार्गावरील ‘कॉटन ग्रीन’ स्थानकापर्यंत लोकलने जाऊन यावे. कापसाचा बाजार फोर्टमधून आधी कुलाब्याला आणि पुढे येथे आला. कॉटन एक्स्चेंजची इमारत आणि जुनी गुदामे पाहताना खामगावच्या माणसाला आपल्या बाजाराचे दुसरे टोक दिसते.

हिशेब

चौघांच्या कुटुंबाने दोन दिवसांत प्रत्येकी सहा बसफेऱ्या केल्या आणि बेस्टचे भाडे सरासरी १५ रुपये धरले, तर ३६० रुपये होतात. (किमान भाडे मे २०२५ पासून १० रुपये, वातानुकूलित बसचे १२ रुपये आहे.) लोकलच्या किमान ५ रुपये भाड्याने जाण्यायेण्याचे ४० रुपये आणि निसर्गमार्गाचे १०० रुपये. एकूण ५०० रुपये. संग्रहालय, मुक्काम, भोजन आणि रेल्वेभाडे यांची बेरीज यात आपापल्या सोयीनुसार मिळवावी.

परंतु काटकसर आणि कृपणता यांतील सीमा विसरू नये. गुडघे दुखणाऱ्या आजीला पायी चालवून टॅक्सीचे भाडे वाचविणे हा हिशेब नव्हे. गर्दीच्या वेळी लहान मुलांसह लोकलमध्ये चढू नये. सकाळी अकरा ते चार हा काळ त्या मानाने बरा. रविवारी गर्दी कमी असते, पण मेगा ब्लॉकचे वेळापत्रक पाहून मगच निघावे. संग्रहालयांचे सुट्टीचे वार निरनिराळे आहेत, तेही आधी विचारावेत. पाणी, औषध आणि सुरक्षित मुक्काम या तीन बाबींवर खर्च कमी करू नये.

व्यापारी कुटुंबात खर्चाचे दोन खाते असतात : एक वापरून संपणाऱ्या वस्तूंचे, दुसरे घरात राहणाऱ्या ठेवीचे. मॉलमधून आणलेली वस्तू दिवाळीपर्यंत जुनी होते. पण आपल्या मुलीने राजाबाई मनोऱ्याची गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी वाचली, आयुष्यभर दुकान आणि घर सांभाळणाऱ्या आईने पहिल्यांदा निवांत समुद्र पाहिला, तर ही नोंद दुसऱ्या खात्यात पडते. उद्या तीच मुलगी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मुंबईत उतरेल, तेव्हा ते शहर तिला धाक घालणार नाही. पुढच्या खरेदीच्या वारीचे आरक्षण करताना एका तिकिटाऐवजी चार तिकिटे काढावीत, इतकेच करायचे आहे.